टीएलएस प्रॉक्सी कंटेनरमध्ये चालवताना नेमकं अडतं कुठे?

एखाद्या वाचनालयाचं पुस्तकं शोधायचं ॲप आहे असं धरू. पायथनमध्ये लिहिलेलं, डॉकरच्या कंटेनरमध्ये (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र ठेवणारा बंद डबा) ८००० पोर्टवर (यंत्राच्या क्रमांकित दारांपैकी एकावर) चालणारं, आणि तो कंटेनर भाड्याने घेतलेल्या एका छोट्या सर्व्हरवर. सगळं सुरळीत आहे, फक्त पत्ता एचटीटीपीने सुरू होतो. ब्राउझर शेजारी ‘नॉट सिक्युअर’ असं लिहितो आणि सभासदाने टाकलेला पासवर्ड स्टँडवरच्या फुकट वायफायवरून उघडावाघडा जातो. यावर कुणीतरी जाणता सांगतो, ‘पुढे एक टीएलएस प्रॉक्सी लाव, तीही कंटेनरमध्येच चालव, दहा मिनिटांचं काम आहे.’ (टीएलएस म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणं बंद लिफाफ्यात नेणारी पद्धत, प्रॉक्सी म्हणजे ॲपच्या पुढे बसणारा मध्यस्थ.) दहा मिनिटांत ती चालूही होते. बंद पडते ती तीन महिन्यांनी, किंवा पुढच्या अपडेटनंतर, आणि तेव्हा कुठे बघायचं तेच कळत नाही.

मला या विषयात एवढंच ठासून सांगायचं आहे की यातला एन्क्रिप्शनचा भाग आता जवळजवळ सुटलेला आहे. त्याचं गणित आपल्याला करायचं नाही, निवडायचंही फारसं नाही. अडतं ते कंटेनरच्या कडांवर: त्याच्या नेटवर्कची कड, त्याच्या फाइलींची कड, आणि त्याचं आयुष्य. कंटेनर टाकून द्यायची वस्तू आहे, रोज नवा करता येतो. सर्टिफिकेट, म्हणजे साइटचं ओळखपत्र, आणि त्याची प्रायव्हेट की, म्हणजे गुप्त किल्ली, या मात्र जपायच्या वस्तू आहेत. या दोन स्वभावांची गाठ घालून दिली की बाकीचं आपोआप मार्गी लागतं.

आधी टीएलएस काय करतं ते थोडक्यात. बोलणं तिसऱ्याच्या कानी पडू द्यायचं नाही, वाटेत कुणी एक अक्षर जरी बदललं तरी ते पकडलं जावं, आणि समोरचा सर्व्हर ज्या नावाचा म्हणवतो त्याच नावाचा आहे हे सिद्ध व्हावं, ही त्याची तीन कामं. नेटस्केप कंपनीच्या एसएसएल या आधीच्या पद्धतीतून १९९९ मध्ये टीएलएस १.० निघालं. आज वापरात आहेत त्या २००८ मधली १.२ आणि २०१८ मधली १.३ या आवृत्त्या. १.० आणि १.१ या २०२१ मध्ये अधिकृतपणे मोडीत काढल्या गेल्या, तेव्हा एखाद्या जुन्या लेखात त्या चालू करायला सांगितल्या असतील तर तो लेख तिथेच बंद करावा.

जोडणी होताना ब्राउझर पहिल्याच संदेशात ‘मला अमुक नावाची साइट हवी’ असं सांगतो. याला एसएनआय म्हणतात, आणि सर्वसाधारणपणे हे नाव उघड्यावरच जातं. एकाच सर्व्हरवर दहा साइट असल्या तर कोणाचं सर्टिफिकेट दाखवायचं ते या नावावरून ठरतं. सर्व्हर सर्टिफिकेट पाठवतो आणि आपल्या प्रायव्हेट कीने सही करून दाखवतो की हे सर्टिफिकेट माझंच आहे. सर्टिफिकेट जगाला दाखवायचं असतं, प्रायव्हेट की मात्र कुणालाच दाखवायची नसते. मग दोघं मिळून त्या एका बैठकीपुरती तात्पुरती गुपितं तयार करतात, त्यामुळे पुढे कधी की चोरीला गेली तरी आधी कुणी साठवून ठेवलेली जुनी संभाषणं त्या कीने उघडत नाहीत.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. सर्टिफिकेट नाव सिद्ध करतं, दानत नाही. फसवणुकीच्या साइटलाही ते रीतसर मिळतं. क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह काढून टाकलं ते याचसाठी. कुलूप दिसलं की साइट भरवशाची, असं लोक धरून चालले होते.

आता प्रॉक्सी. जुन्या वाड्याला देवडी असते: आत किती चौक, किती बिऱ्हाडं, याच्याशी रस्त्यावरच्या माणसाला कर्तव्य नसतं, त्याची गाठ देवडीवरच्या माणसाशी. टीएलएस प्रॉक्सी तशी बसते. बाहेरून येणारी बंद लिफाफ्यातली रिक्वेस्ट ती घेते, लिफाफा उघडते, आतला मजकूर साध्या एचटीटीपीने मागच्या ॲपकडे देते आणि उत्तर पुन्हा लिफाफ्यात घालून बाहेर पाठवते. ॲपला सर्टिफिकेट, की, टीएलएसच्या आवृत्त्या यातलं काहीच ठाऊक नसतं. पुढे त्याच सर्व्हरवर दुसरं ॲप आलं, जावामधलं का असेना, तरी सर्टिफिकेटांचा कारभार एकाच जागी राहतो. हा फायदा मोठा आहे. प्रत्येक भाषेच्या प्रत्येक लायब्ररीत टीएलएस नीट बसवत बसण्यापेक्षा ते एकदाच नीट बसवलेलं बरं.

यासाठीची नावं चार. इगोर सिसोएव्ह यांनी लिहिलेलं एंजिनएक्स २००४ पासून लोकांच्या हातात आहे आणि त्यावर जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर सापडतं. एचएप्रॉक्सी भाराच्या विभागणीसाठी नावाजलेली, टीएलएस तिच्यात २०१४ च्या १.५ आवृत्तीत आलं. ट्रॅफिक ही खास कंटेनरांसाठी बनवलेली: नवा कंटेनर उभा राहिला की त्यावरची लेबलं वाचून ती स्वतःच रस्ता तयार करते. आणि कॅडी, जी सर्टिफिकेट मागणं, बसवणं, नवं करणं हे सगळं न सांगता करते. एक-दोन साइट आणि सांभाळायला एकच माणूस, अशी स्थिती असेल तर माझं मत सरळ कॅडीला. एंजिनएक्स उत्तमच आहे, पण त्याच्या नेहमीच्या मांडणीत सर्टिफिकेट मिळवायला सर्टबॉट नावाचा वेगळा सोबती लागतो, आणि दोन कंटेनरांमध्ये सर्टिफिकेटची देवघेव म्हणजे बिघाडाला एक जागा जास्त.

वाचनालयासाठी कॅडी घेऊ. डॉकरच्या कंपोज फाइलमध्ये (कोणते कंटेनर एकत्र चालवायचे याची यादी) दोन सेवा लिहायच्या, एक ‘ॲप’ आणि दुसरी ‘कॅडी’. बाहेरच्या जगाला फक्त कॅडीची ८० आणि ४४३ ही दोन पोर्टं द्यायची. ॲपच्या सेवेखाली पोर्टांची ओळच लिहायची नाही. कॅडीची सेटिंग कॅडीफाइल नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत असते आणि ती या कामासाठी तीन ओळींची भरते: पहिल्या ओळीत डोमेनचं नाव आणि महिरपी कंस, दुसऱ्या ओळीत ‘रिव्हर्स प्रॉक्सी’ हा शब्द आणि त्यापुढे ‘ॲप’, विसर्गासारखी दोन टिंबं, ८००० असा पत्ता, आणि तिसऱ्या ओळीत कंस बंद. एवढ्यावर ती सर्टिफिकेट आणते, एचटीटीपीवर आलेल्याला एचटीटीपीएसकडे वळवते, टीएलएसच्या आवृत्त्या आणि सायफर (एन्क्रिप्शनच्या पद्धती) शहाणपणाने निवडते. एचटीटीपी-३, म्हणजे टीसीपीऐवजी यूडीपी या वाहतुकीच्या पद्धतीवर चालणारं एचटीटीपी, हवं असेल तर ४४३ हे पोर्ट यूडीपीसाठीही वेगळं उघडावं लागतं, कारण डॉकर पोर्ट उघडतो ते सांगितलं नाही तर फक्त टीसीपीचं.

त्या दुसऱ्या ओळीत ‘ॲप’ असं लिहिलं, ‘लोकलहोस्ट’ (म्हणजे ‘हेच यंत्र’) असं नाही. नेमकं इथेच घोडं पेंड खातं. प्रत्येक कंटेनरला स्वतःचं वेगळं नेटवर्क असतं, त्यामुळे कॅडीच्या कंटेनरमध्ये लोकलहोस्ट म्हणजे कॅडीचाच कंटेनर. तिथे ८००० वर कुणीच बसलेलं नाही, मग ब्राउझरमध्ये ५०२, म्हणजे ‘प्रॉक्सीला मागून नीट उत्तर मिळालं नाही’ ही चूक. कंपोज मात्र दोन्ही सेवांना एका सामाईक नेटवर्कवर घेतो आणि त्या नेटवर्कवर डॉकरचा स्वतःचा नावं शोधून देणारा सर्व्हर असतो, १२७.०.०.११ या पत्त्यावर. ‘ॲप’ या नावाचा आजचा आयपी कोणता, ते तो सांगतो. डॉकरच्या मूळच्या ब्रिज नेटवर्कवर ही सोय नाही. कंपोजशिवाय, हाताने कंटेनर चालवणाऱ्यांनी म्हणून आपलं एक नेटवर्क आधी तयार करून घ्यावं.

याचा उलटा प्रकारही सर्रास घडतो. पायथनच्या जँगो किंवा फ्लास्कचा विकासासाठीचा सर्व्हर सुरुवातीला १२७.०.०.१ वरच ऐकत बसतो, म्हणजे फक्त स्वतःच्या कंटेनरमधल्यांचं. प्रॉक्सी शेजारच्या कंटेनरमधून हाक मारते आणि ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असं उत्तर येतं. ॲपला ०.०.०.० वर, म्हणजे सगळीकडून येणाऱ्यांचं, ऐकायला सांगितलं की प्रश्न मिटतो.

एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: एचटीटीपीएसच्या पत्त्यावर आपल्याच प्रॉक्सीने दिलेलं ५०२ दिसलं, म्हणजे टीएलएस पार पडलं. हँडशेक (सुरुवातीची ओळखदेख) झाला, सर्टिफिकेट पटलं, प्रॉक्सी जिवंत आहे. तिला मागचा माणूस सापडत नाही. अशा वेळी सर्टिफिकेटं उचकत बसू नये, नेटवर्क बघावं.

एंजिनएक्स वापरणाऱ्यांसाठी इथे आणखी एक मेख आहे. सेटिंगमध्ये मागच्या सेवेचं नाव थेट लिहिलं तर एंजिनएक्स ते सुरू होताना एकदाच शोधतो आणि मिळालेला आयपी धरून ठेवतो. तुम्ही ॲपची नवी आवृत्ती चढवलीत, जुना कंटेनर गेला, नवा आला, त्याला वेगळा आयपी मिळाला. एंजिनएक्स जुन्याच पत्त्यावर पत्रं टाकत राहतो. आणि सुरू होतानाच ॲप उभं नसेल तर ‘होस्ट नॉट फाउंड इन अपस्ट्रीम’ म्हणून तो स्वतःच बंद पडतो. यावरची जुनी तोड अशी की रिझॉल्व्हर (नावं शोधून देणारा सर्व्हर) म्हणून १२७.०.०.११ द्यायचा आणि सेवेचं नाव एका व्हेरिएबलमध्ये घालून तो व्हेरिएबल ‘प्रॉक्सी पास’मध्ये वापरायचा, म्हणजे नाव पुन्हा पुन्हा शोधलं जातं.

आता मुख्य भाग, सर्टिफिकेट. ते देणाऱ्या संस्थांमध्ये लेट्स एन्क्रिप्ट सर्वांच्या ओळखीची. २०१५ च्या डिसेंबरात तिने ते सर्वांना फुकट द्यायला सुरुवात केली. तिच्याशी बोलायची भाषा म्हणजे एसीएमई, आणि त्यातला व्यवहार सोपा आहे. तुमची प्रॉक्सी म्हणते, ‘या डोमेनचं सर्टिफिकेट द्या.’ संस्था म्हणते, ‘डोमेन तुझंच कशावरून? हा सांकेतिक मजकूर घे आणि त्या साइटवर अमुक ठिकाणी ठेव.’ मग संस्था स्वतः ८० पोर्टवरून येऊन तो मजकूर वाचते. सापडला की सर्टिफिकेट. म्हणून ‘आम्हाला फक्त एचटीटीपीएस हवं’ या उत्साहात ८० पोर्ट बंद करणाऱ्यांचं या पद्धतीने भागत नाही. (४४३ वरूनच ओळख पटवायची एक वेगळी पद्धत आहे आणि कॅडी तीही करून बघते. तरीही ८० उघडं ठेवणं बरं, जुन्या दुव्यांवरून येणारे लोक तिथेच येतात.)

संस्था ही तपासणी जगातल्या एकाहून अधिक ठिकाणांहून करते आणि ते पत्ते जाहीर करत नाही. ‘आमचे सगळे वाचक भारतातले, बाहेरचे आयपी अडवून टाका’ असं फायरवॉलमध्ये लिहिलं की सर्टिफिकेट मिळणं किंवा नवं होणं थांबतं. घरच्या जुन्या संगणकावर सर्व्हर चालवणाऱ्यांपुढे निराळीच अडचण असते. आपल्याकडच्या पुष्कळ घरगुती ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपीव्ही-४ पत्ता नसतो, अनेक ग्राहक एकाच पत्त्याआड बसवलेले असतात. राउटरवर कितीही पोर्टं उघडली तरी बाहेरून कुणी आत येऊ शकत नाही. अशांना डीएनएसमधून, म्हणजे डोमेनच्या नावावरून आयपी सांगणाऱ्या यंत्रणेतून, ओळख पटवण्याची पद्धत उपयोगी: सांकेतिक मजकूर साइटवर न ठेवता डोमेनच्या डीएनएस नोंदीत ठेवायचा. सर्व उपडोमेनांना चालणारं, तारकेचं सर्टिफिकेटही लेट्स एन्क्रिप्टकडून याच वाटेने मिळतं. अर्थात यात सर्टिफिकेट मिळतं, बाहेरच्या लोकांना आत यायचा रस्ता नाही. तो टनेलने (बाहेरच्या सर्व्हरमार्फत आत आणणाऱ्या वाटेने) किंवा आयपीव्ही-६ ने वेगळा काढावा लागतो. शिवाय कॅडीच्या मूळ इमेजमध्ये (ज्या साच्यातून कंटेनर बनतो त्यात) डीएनएस पुरवठादारांचे जोडभाग नसतात, ते घालून इमेज स्वतः बांधावी लागते.

ज्यांनी ‘.भारत’मधलं देवनागरी डोमेन घेतलं आहे त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की डीएनएसमध्ये आणि सर्टिफिकेटमध्ये ते नाव प्युनीकोड नावाच्या रोमन रूपात नोंदलं जातं. एंजिनएक्सच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचं नाव त्याच रूपात लिहावं. नुसतं देवनागरी लिहिलं तर जुळणी होत नाही आणि भलत्याच साइटचं सर्टिफिकेट पुढे केलं जातं.

आता कंटेनरच्या स्वभावाकडे येऊ. कॅडी मिळालेली सर्टिफिकेटं, की आणि खात्याची माहिती रूटखालच्या ‘डेटा’ या फोल्डरमध्ये ठेवते. कंटेनर पुन्हा सुरू केला तर फाइली जागच्या जागी असतात. पण इमेज अद्ययावत करताना कंपोज जुना कंटेनर काढून टाकतो आणि नवा बनवतो. त्या फोल्डरला नाव दिलेलं व्हॉल्यूम (कंटेनरबाहेर टिकून राहणारी साठवणूक) जोडलेलं नसेल, तर नव्या कंटेनरला ते रिकामंच दिसतं. कॅडी बिचारी पुन्हा नवं सर्टिफिकेट मागते. मिळतंही. साइट चालू. कुणाच्या काही लक्षात येत नाही.

लक्षात येतं ते सेटिंगशी झटापट करताना, जेव्हा एका संध्याकाळी कंटेनर पुन्हा पुन्हा पाडून उभा केला जातो. लेट्स एन्क्रिप्टची मर्यादा अशी की नेमक्या त्याच नावांच्या संचासाठी सात दिवसांत पाचच सर्टिफिकेटं. सहाव्याला नकार. कॅडीच्या सेटिंगमध्ये ईमेल दिलेला असेल तर ती अशा वेळी झिरोएसएसएल या दुसऱ्या संस्थेचं दार ठोठावते म्हणून बहुतेकदा वेळ निभावते, पण सर्टबॉट किंवा ट्रॅफिकला ही सवय नसते. तिथे साइट उघडताच ब्राउझर लाल पाटी दाखवतो आणि वाट बघण्यापलीकडे हातात फारसं काही उरत नाही. यावर उपाय दोन, आणि दोन्ही करावेत. डेटा फोल्डरला व्हॉल्यूम पहिल्या दिवसापासून जोडायचं. आणि प्रयोग चालू असेपर्यंत लेट्स एन्क्रिप्टचा स्टेजिंगचा, म्हणजे चाचणीचा, पत्ता वापरायचा. तिथल्या मर्यादा सैल आहेत, सर्टिफिकेट मात्र ब्राउझर मानत नाही, आणि प्रयोगापुरतं तसंच हवं असतं.

ट्रॅफिक सर्टिफिकेटं एसीएमई नावाच्या एकाच जेसन फाइलीत ठेवते आणि त्या फाइलीची परवानगी ६०० नसली, म्हणजे मालकाखेरीज आणखी कुणाला ती वाचता येत असली, तर ती वापरायचं साफ नाकारते. अनेकांना हा जाच वाटतो. मला तो शहाणपणा वाटतो, आत प्रायव्हेट की आहे.

एंजिनएक्स आणि सर्टबॉट अशी जोडी लावणाऱ्यांसाठी फाइलींचा एक छुपा खड्डा सांगतो. सर्टबॉट ‘लाइव्ह’ नावाच्या फोल्डरमध्ये सर्टिफिकेट ठेवतो असं दिसतं. प्रत्यक्षात तिथे नुसत्या सिमलिंक (दुसरीकडच्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या खुणा) असतात, खऱ्या फाइली शेजारच्या ‘आर्काइव्ह’ फोल्डरमध्ये. एंजिनएक्सच्या कंटेनरला फक्त लाइव्ह जोडलं, तर त्याला सिमलिंक दिसतात, पण त्या ज्याकडे बोट दाखवतात ते त्याच्या जगात नसतंच. ‘फाइल सापडत नाही’ असं तो म्हणतो आणि तुम्ही बाहेरून बघता तर फाइल समोर आहे. दोन्हींच्या वरचा अख्खा फोल्डर जोडला की हा घोळ संपतो. सुट्या फाइली जोडण्यातही असंच पाणी मुरतं: अनेक एडिटर फाइल जतन करताना जुनी काढून त्याच नावाची नवी ठेवतात, आणि कंटेनरला मात्र जुनीच जोडलेली राहते. तुम्ही कॅडीफाइल बदलता, रीलोड करता, फरक शून्य. म्हणून फाइल न जोडता ती ज्या फोल्डरमध्ये आहे तो जोडावा, कॅडीच्या इमेजसोबतच्या सूचनाही हेच सांगतात.

सर्टबॉटने फाइल नवी केली तरी चालू एंजिनएक्स मेमरीतलं जुनंच सर्टिफिकेट दाखवत राहतो, त्याला रीलोड सांगावं लागतं. तीन महिन्यांनी बंद पडणाऱ्या साइटींची गोष्ट बहुतेकदा हीच असते. सर्व्हरवर नवं सर्टिफिकेट पडून आहे, आणि जगाला जुनं, मुदत संपलेलं दिसतंय. लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं आणि मुदत संपत आल्याची ईमेल ती संस्था पूर्वी पाठवायची, ती तिने २०२५ मध्ये बंद केली. त्याच वर्षी ब्राउझर कंपन्या आणि सर्टिफिकेट संस्था यांच्या सामाईक मंचाने ठरवलं की कुठल्याही सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने खाली आणायची आणि मार्च २०२९ पासून ती ४७ दिवसांवर ठेवायची. वर्षाचं सर्टिफिकेट विकत घ्यायचं, हाताने बसवायचं आणि कॅलेंडरवर खूण करायची, हा धंदा आता संपत आला. नूतनीकरण आपोआप होत नसेल तर ती मांडणी अपुरीच म्हणायची.

प्रायव्हेट की इमेजमध्ये घालू नये, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. डॉकरफाइलमध्ये (इमेज बांधायच्या कृतीत) ती की कॉपी केली आणि पुढच्या ओळीत पुसली तरी इमेजच्या आधीच्या थरात ती तशीच राहते. ती इमेज ज्याच्या हाती पडेल त्याच्या हाती कीसुद्धा पडते. ट्रॅफिक वापरताना डॉकरचं सॉकेट (डॉकरला हुकूम द्यायचं दार) कंटेनरला जोडावं लागतं, तेही जपून. ज्याच्या हाती ते सॉकेट, तो सर्व्हरचा मालक झाल्यासारखाच, आणि इथे ते आपण इंटरनेटकडे तोंड करून बसलेल्या कंटेनरला देतो. ‘फक्त वाचण्यापुरतं’ असं लिहून जोडल्याने त्यात काही फरक पडत नाही, कारण सॉकेटवरून पाठवलेले हुकूम त्याने अडत नाहीत. मध्ये मोजक्याच विनंत्या पुढे जाऊ देणारी सॉकेट प्रॉक्सी ठेवणं हा त्यातल्या त्यात बरा मार्ग.

फायरवॉलबद्दल एक गोष्ट जी उबुंटू वापरणाऱ्या प्रत्येकाला आधीच कुणीतरी सांगायला हवी. उबुंटूच्या यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये ८००० पोर्ट बंद केलं आणि कंपोजमध्ये ते ‘पोर्ट्स’खाली लिहिलेलं असलं, तर ते बाहेरून उघडंच राहतं. डॉकर आपले नियम आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या रहदारीच्या मूळ नियमयादीत, थेट लिहितो आणि कंटेनरकडे जाणारी रहदारी यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोचायच्या आधीच वळवली जाते. टीएलएस प्रॉक्सी दिमाखात उभी, आणि शेजारी ८००० वर तेच ॲप विनाटीएलएस साऱ्या जगाला खुलं, असं दृश्य दुर्मीळ नाही. ॲपच्या सेवेखाली पोर्टांची ओळच नको असं मघाशी म्हटलं ते याकरता. स्वतःला तपासायला पोर्ट हवंच असेल तर पुढे १२७.०.०.१ लावून फक्त सर्व्हरपुरतं उघडावं.

प्रॉक्सी आणि ॲप यांच्यातला एवढासा टप्पा साध्या एचटीटीपीने जातो, हे चालेल का? दोन्ही एकाच सर्व्हरवर, एकाच खासगी नेटवर्कवर असतील तर माझ्या मते खुशाल चालेल. दोन वेगळ्या यंत्रांवर असतील तर नाही. डॉकर स्वॉर्मचं (अनेक यंत्रांवर मिळून कंटेनर चालवण्याची सोय) यंत्रांमधलं नेटवर्क आपण सांगितल्याशिवाय मजकूर एन्क्रिप्ट करत नाही, हे अनेकांच्या गावीही नसतं.

साध्या एचटीटीपीचा एक परिणाम ॲपला भोगावा लागतो. त्याच्या दृष्टीने प्रत्येक रिक्वेस्ट एचटीटीपीनेच आली, आणि तीही प्रॉक्सीच्या कंटेनरकडून, १७२ ने सुरू होणाऱ्या कुठल्याशा आयपीवरून. ॲपमध्ये ‘एचटीटीपी आलं तर एचटीटीपीएसला पाठव’ असं लिहिलेलं असेल तर ते ब्राउझरला परत पाठवतं, ब्राउझर पुन्हा प्रॉक्सीकडे, प्रॉक्सी पुन्हा एचटीटीपीने ॲपकडे, आणि शेवटी ब्राउझर ‘टू मेनी रिडायरेक्ट्स’ म्हणून हात टेकतो. प्रॉक्सी ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ आणि ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ या हेडरांत (रिक्वेस्टसोबत जाणाऱ्या टिपणांत) मूळ हकीकत लिहून देऊ शकते. कॅडी ते आपणहून करते, एंजिनएक्सला ओळी लिहाव्या लागतात. ॲपनेही त्या हेडरांवर विश्वास ठेवायला हवा, पण ते प्रॉक्सीकडून आले असतील तरच. हे हेडर कुणालाही हाताने लिहिता येतात. ज्या ॲपपर्यंत प्रॉक्सी टाळूनही पोचता येतं, त्याने ते डोळे झाकून मानले तर ‘मी स्थानिक नेटवर्कवरून आलोय’ ही थापही पचते.

तपासताना आपल्याच ब्राउझरवर भिस्त ठेवू नये. सर्टिफिकेटसोबत त्याच्या वरच्या, मधल्या संस्थेचं सर्टिफिकेटही पाठवावं लागतं. सर्टबॉटच्या ‘फुलचेन’ या फाइलीत दोन्ही असतात, ‘सर्ट’मध्ये एकच. चुकून सर्ट लावलं तर संगणकावरचा ब्राउझर मधला दुवा आपल्या साठ्यातून जुळवून घेतो आणि सगळं आलबेल दिसतं. कर्ल (आज्ञा लिहून पानं मागवायचं साधन) किंवा एखादं मोबाइल ॲप मात्र अडून बसतं. म्हणून ओपनएसएसएलची ‘एस क्लायंट’ ही आज्ञा बाहेरच्या यंत्रावरून चालवून बघावी. ती साखळीतलं प्रत्येक सर्टिफिकेट, मुदत आणि आवृत्ती दाखवते. नाव मात्र एसएनआयसह द्यावं. आयपी देऊन चालवली तर प्रॉक्सीचं ठरीव सर्टिफिकेट येतं आणि आपण उगाच घाबरतो.

उलट्या दिशेचंही एक सांगून टाकतो. ॲप स्वतः जेव्हा बाहेरच्या एखाद्या सेवेला एचटीटीपीएसने हाक मारतं तेव्हा कोणत्या संस्था विश्वासाच्या ही यादी त्याच्या इमेजमधली असते. ३० सप्टेंबर २०२१ ला लेट्स एन्क्रिप्टच्या जुन्या साखळीच्या टोकाचं मूळ सर्टिफिकेट मुदतीनुसार संपलं आणि जगभर जुन्या ओपनएसएसएलच्या, जुन्या याद्यांच्या यंत्रणा एकाएकी तक्रार करू लागल्या. त्यांचा कोड कुणी बदलला नव्हता. वर्षानुवर्षं न बांधलेल्या इमेज अशा दिवशी उघड्या पडतात.

एचएसटीएस हा हेडर लावताना घाई नको. ब्राउझरला तो सांगतो की या डोमेनवर पुढचा इतका काळ एचटीटीपीएसच. मुदत वर्षाची टाकली आणि पुढच्या महिन्यात सर्टिफिकेट बिघडलं, तर वाचकाला ‘तरीही पुढे जा’ हा पर्यायही मिळत नाही. काही मिनिटांच्या मुदतीने सुरुवात करावी, एकदोन नूतनीकरणं नीट पार पडलेली दिसली की वाढवावी.

आणि सगळं लागलं की साइट लोकांना सांगण्याआधी एक तपासणी. सर्टिफिकेटचा अनुक्रमांक लिहून घ्या, कंपोजने सगळं खाली उतरवा, इमेज नव्याने ओढा, पुन्हा वर चढवा आणि अनुक्रमांक पुन्हा बघा. तोच असेल तर व्हॉल्यूम जागेवर आहे. वेगळा असेल तर कॅडीने तुमच्या नकळत दुसरं सर्टिफिकेट मागितलं आहे आणि आठवड्याच्या पाचातलं एक खर्ची पडलं आहे. मात्र खाली उतरवताना ‘डाउन’च्या मागे ‘व्ही’चा पर्याय लावू नका, त्याने नाव दिलेली व्हॉल्यूमंही पुसली जातात.